‘ब’च्या पोटातली रेघ : गुजरीतल्या एका फलकाच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

कोल्हापूरच्या गुजरीतल्या दुकानाचं काम आज पक्कं झालं. तीन पिढ्यांचं सोन्याचं दुकान, दर्शनी बाजू दहा फूट. जुना रंगवलेला फलक उतरवून पितळेच्या ओतीव अक्षरांचा नवा लावायचा. त्याच वळणात डब्यांची झाकणं, पिशव्या आणि लग्नसराईतली भेटकार्डंही करायची. मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा, ३० एप्रिल. हातात अकरा आठवडे.

दुकानाचं नाव मुहूर्ताआधी बाहेर जायला नको, असं मालकांचं म्हणणं आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही. फलकाच्या दुसऱ्या ओळीत चार शब्द येणार आहेत: साज, ठुशी, बोरमाळ, वज्रटीक. नोंदीत तेच वापरते. खरं तर टाईप तपासायला यांच्याइतके चांगले शब्द मी बसून शोधले असते तरी सापडले नसते. ठ आहे, ळ आहे, ज्र आहे, दोन्हीकडच्या वेलांट्या नसल्या तरी उकार, मात्रा, काना सगळं आहे.

मालकांनी मोबाईलवर एका परदेशी फॅशन मासिकाचं मुखपृष्ठ दाखवलं. “असं पाहिजे बघा. जाड ते एकदम जाड, आणि बारीक एकदम केसागत.” व्होगचं मुखपृष्ठ होतं. त्याचं शीर्षक १९५५ पासून डिडो वळणाच्या अक्षरांत आहे. सोनाराला ही अक्षरं आवडावीत यात नवल नाही. भरीव काना आणि त्याला लागून एक लखलखीत तार, हे त्यांचं रोजचंच काम.

मी हो म्हणून आले. घरी येताना महाद्वार रोडवर चालता चालता लक्षात आलं, की त्यांनी मागितलेली गोष्ट रोमन लिपीची आहे आणि मला ती देवनागरीत उभी करायची आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

या अक्षरांचा जन्म कसा झाला ते स्वतःसाठी लिहून काढते, म्हणजे काय उचलायचं आणि काय सोडायचं ते कळेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फर्मिन डिडो आणि पार्मा इथे जाम्बातिस्ता बोदोनी (१७४०–१८१३) या दोघांनी रोमन अक्षरातला जाड-बारीक फरक टोकाला नेला. त्याआधी इंग्लंडात जॉन बास्करव्हिलने गुळगुळीत कागद आणि गडद शाई वापरून वाट मोकळी केली होती. खरबरीत कागदावर केसासारखी रेघ उठतच नाही. बोदोनीचा टाईपांचा मोठा नमुनाग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८१८ मध्ये, त्याच्या पत्नीने पूर्ण करून काढला. पुढे १९५४ मध्ये माक्सिमिलियां वोक्स याने टाईपांची वर्गवारी करताना डिडो आणि बोदोनी ही दोन नावं जोडून या घराण्याला ‘डिडोन’ म्हटलं.

जाडी कुठून येते हे यातलं महत्त्वाचं. ही अक्षरं टोकदार, लवचिक टाकाची आणि तांब्याच्या पत्र्यावरच्या कोरीवकामाची. खाली येताना दाब दिला की टाकाची दोन पातं फाकतात आणि रेघ रुंदावते; आडवी किंवा वर जाणारी रेघ बिनदाबाची, म्हणून केसाइतकी. त्यामुळे उभं ते सगळं जाड आणि आडवं ते सगळं बारीक. सेरिफ म्हणजे अक्षराच्या पायाशी असलेली आडवी पट्टीही बारीक, सपाट, काटकोनात बसवलेली.

आपला बोरू असा चालत नाही. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, रुंदी ठरलेली. जाडी दाबाने बदलत नाही, दिशेने बदलते. टोक ४५ अंशांवर धरलं की उभी रेघ आणि आडवी रेघ जवळजवळ सारख्याच जाडीच्या येतात. बारीक रेघ पडते ती डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरप्या दिशेला. रोमनचा रुंद टाक नेमका उलट्या अंगाने कापलेला असतो, तिथे हीच दिशा सगळ्यात जाड.

म्हणजे बोरूच्या हिशेबाने शिरोरेषा जाड हवी आणि डिडोच्या हिशेबाने ती केस हवी. सगळा प्रश्न इथेच आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला खर्डा. अक्षर आखायची चौकट हजार युनिटांची, तिच्यात शिरोरेषेपासून पायापर्यंत ६५० युनिट. काना, म्हणजे अक्षराची उभी जाड रेघ, १५०. बारीक रेघ १८, शिरोरेषाही १८. फरक साधारण आठास एक.

पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा फार देखणं दिसलं, हे मान्य करायला हवं. ‘साज’ हा शब्द तर दोरीवर टांगलेल्या दागिन्यासारखा. रात्री अकरापर्यंत नुसती बघत बसले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ए-थ्री कागदावर चार शब्द छापून दुकानात नेले. भिंतीला चिकटवले आणि समोरच्या पायरीवर आबांना, म्हणजे मालकांच्या वडिलांना, वाचायला सांगितलं. वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नजर तशी बरी.

आबांनी चष्मा सारखा केला. “राज... ठुशी... वोरमाळ...” आणि थांबले. “वोरमाळ काय लिवलंय ओ? बोरमाळ पाहिजे नव्हं?”

मी कागदापाशी गेले. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ तिथे होती, पण समोरच्या पायरीवरून ती नव्हतीच. रेघ गेली की ‘ब’चा ‘व’ होतो. ‘स’ची मधली आडवी दांडी गेली की ‘रा’ उरतो, म्हणून ‘साज’चा ‘राज’ झाला. पुढचा जादा काना आबांनी डोळ्याआड केला. ‘ष’ची रेघ गेली असती तर ‘प’ झाला असता.

रोमनमध्येही असा धोका आहे. एचची आडवी दांडी पुसली तर नुसते दोन खांब राहतात. पण तिथले बहुतेक केस हे सेरिफचे असतात, ते दिसले नाहीत तरी अक्षर तेच राहतं. आपल्याकडे कितीतरी अक्षरांची ओळखच बारीक रेघेवर आहे. शिवाय ‘ब’ आणि ‘ष’ यांच्या पोटातली रेघ नेमकी त्याच दिशेने उतरते, ज्या दिशेने बोरू सगळ्यात बारीक चालतो. म्हणजे परंपरेनेही ती बारीकच. मग बोरूने लिहिणाऱ्यांचं कसं निभत होतं? ते हातभर अंतरावरून वाचायच्या पोथ्या लिहीत होते, गल्लीच्या तोंडावरून वाचायचे फलक नव्हेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हिशेब केला. साधारण नजरेला कोनाच्या एका मिनिटाएवढा तपशील वेगळा दिसतो. बारा मीटरवर तो होतो साडेतीन मिलिमीटर, वीस मीटरवर सुमारे ५.८. काळी रेघ याहून बारीक असली तरी तिथे काहीतरी आहे एवढं जाणवतं, पण पितळेवर ऊन चमकत असताना तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

फलकाच्या दुसऱ्या ओळीत अक्षराची उंची १३० मिलिमीटर ठरली आहे. म्हणजे एक युनिट ०.२ मिलिमीटरचं. माझी १८ युनिटांची रेघ झाली ३.६ मिलिमीटर. बारा मीटरवर अगदी काठावर, त्यापलीकडे गेलीच.

हीच रेघ १२ पॉइंटला ०.०७६ मिलिमीटर होते, आणि मोबाईलच्या पडद्यावर १६ पिक्सेलच्या मजकुरात पाव पिक्सेलहून किंचित जास्त. पडदा मग तिला करड्या रंगाची पुसट छाया करून टाकतो. म्हणूनच हे टाईप शीर्षकाचे म्हणतात. त्यांना लहान आकारात बसवलं की उभे काने तेवढे ओळीने डोळ्यात भरतात, गजांच्या कुंपणासारखे, आणि मधली अक्षरं ओळखू येत नाहीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज जुना फलक खाली घेतला. पत्रा गंजलेला, पण रंग अजून धरून आहे. अक्षरं बघून मी काम बाजूला ठेवलं आणि आधी पट्टी काढली.

काना २८ मिलिमीटर. ‘ब’ची रेघ ९. फरक फक्त तीनास एक, आणि तरीही फलक बघताना वाटतं की काय बारीक रेघ आहे! कारण पेंटरने बाकी ठिकाणी, वेलांटीच्या टोकाला, उकाराच्या शेपटीला, रेघ दोन-अडीच मिलिमीटरवर आणून सोडली आहे. नजर तीच पकडते आणि अख्ख्या अक्षराला नाजूक म्हणते. जिथे अक्षराची ओळख आहे तिथे मात्र त्याने रेघेला पोटभर जाडी दिली आहे.

हा पेंटर कोण, आबांना विचारलं. गृहस्थ मंगळवार पेठेतच आहेत, अजून ब्रश चालवतात. ज्या गावात चित्रकार आणि चित्रपटकार बाबूराव मेस्त्रींना त्यांच्या कलेवरूनच ‘पेंटर’ हे नाव पडलं, तिथे रंगारी आणि पेंटर यांतला फरक अजूनही लोक आवर्जून सांगतात. आबांनीही सांगितला.

१ मार्च, शनिवार

पेंटरकाकांकडे गेले. माझा पहिला खर्डा दाखवला. त्यांनी कागद हातभर लांब धरला, मग डोळे अर्धे मिटून पाहिला, मग कागद उलटा करून पाहिला. उलटा केला की शब्द वाचला जात नाही, नुसतं काळं-पांढरं दिसतं, असं म्हणाले.

“रेघ बारीक ठेव, पोरी. पण उपाशी ठेवू नको.”

मग रद्दीच्या कागदावर चपट्या ब्रशने ‘ब’ काढून दाखवला. पोटातली रेघ त्यांनी एका दमात ओढली नाही. कान्याला जिथे भिडते तिथे किंचित आवळली, मधे किंचित फुगवली. विचारलं तर म्हणाले, “जोड आला की तिथं रंग जमतो, जाड दिसतं. म्हणून आधीच काढून घ्यायचं.” छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या काळात टाईप कोरणारेही शाईसाठी अशीच जागा सोडत. काकांनी ते कुठे वाचलेलं नाही, ब्रशने शिकवलं आहे.

काचेच्या दारावर ‘हिऱ्याचे दागिने’ हे शब्द काका स्वतः रंगवणार. आतल्या बाजूने, उलटे.

५ मार्च, बुधवार

सगळ्या बारीक रेघांची दोन पोत्यांत वाटणी केली.

पहिलं पोतं: जिच्यावाचून अक्षर बदलतं ती रेघ. ‘ब’ची, ‘ष’ची, ‘स’ची दांडी, ‘म’ची दांडी, ‘थ’ आणि ‘य’ वेगळे ठेवणारं डोक्यावरचं वळण, ‘भ’ आणि ‘म’मधली शिरोरेषेची फट, ‘ध’ आणि ‘घ’मधलीही. फट ही रेघ नसली तरी तिला याच पोत्यात घातलं. बारीक शिरोरेषेत फट चटकन दिसते, जाड शिरोरेषेत ती जास्त रुंद द्यावी लागते.

दुसरं पोतं: नुसत्या शोभेची रेघ. वेलांटीचं शेवटचं टोक, मात्रेची सुरुवात, ‘ठ’च्या मानेशी आलेला बारीकपणा, ‘ळ’ची गाठ जिथे सुटते तो भाग.

पहिलीला ३४ युनिट, मधे ३८ पर्यंत फुगवून. दुसरीला २०. काना १५० वरून १६५. म्हणजे ओळखीच्या रेघेशी फरक पाचास एकच्या आसपास, आणि शोभेच्या रेघेशी आठास एक. मालकांना हवा तो केस आहे, पण त्याच्यावर अक्षराचा भार नाही.

उरली शिरोरेषा. १८ ला ती शब्दाला धरून ठेवत नव्हती. काने सुटे सुटे उभे राहत होते. ८० ला नेली तर छप्पर घातल्यासारखी दिसली आणि सगळी चमक गेली. ६०, ५२, ४६. छापून ओळीने भिंतीला लावलं. ४६ ला शब्द एकसंध वाटतो आणि कान्याचा थाट राहतो. बोरूचा हिशेब मी इथे मोडला आहे आणि डिडोचाही. कुणी विचारलं तर माझ्याकडे कारण आहे: शिरोरेषा ही आडवी रेघ असली तरी तिचं काम सेरिफचं नाही. सेरिफ एका अक्षराची असते, शिरोरेषा शब्दाची.

११ मार्च, मंगळवार

आबांनी जुनी निर्णयसागरची पोथी दिली, दोन दिवसांच्या बोलीवर. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये हा छापखाना काढला, आणि त्यांच्या देवनागरी खिळ्यांवर नंतरच्या कित्येक पिढ्यांची नजर घडली. भिंग लावून ‘ष’ पाहिला. रेघ बारीक आहे, पण टोकाला मुद्दाम बोथट. शिशाचा खिळा छपाईत झिजतो, बारीक टोक पहिलं जातं. तिथेही रेघ किती बारीक ठेवायची हे अखेर शिशानेच ठरवलं असणार.

या पोथीतली अक्षरं बोरूशी इमानी आहेत. तिरप्या दिशेला बारीक, उभ्या-आडव्याला भरीव. ‘श्री’ तर इतका भरदार, की फलकासाठी तोच पुढे ठेवून काढायला घेतला.

१४ मार्च, शुक्रवार

तयार टाईप का नाही घेत, असं मालकांच्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. देवनागरीत रोझा वन हा अतिशय जाड-बारीक टाईप मोफत मिळतो, इंडियन टाईप फाउंड्रीचा, रोमन अक्षरांसह. मोठ्या शीर्षकात तो फार भारदस्त दिसतो आणि मी तो पूर्वी पोस्टरांसाठी वापरला आहे. पण ओतकामाची गरज वेगळी आहे आणि या दुकानाचं वळण त्या जुन्या फलकात आधीच आहे. तेच पुढे न्यायचं.

कार्डावरच्या रोमन ओळीसाठी मात्र प्लेफेअर डिस्प्ले घेते. क्लाउस एगर्स सोरेन्सन यांनी २०११ मध्ये काढला. बास्करव्हिलच्या काळाकडे झुकणारा, त्यामुळे बोदोनीइतका ताठ नाही. आपल्या गोलाईशेजारी ताठ अक्षर परकं वाटतं, हा जरा मऊ आहे.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. आज बोटांना रंग असतानाच शिवाजी उद्यमनगरात गेले.

पितळ ओतणाऱ्या मिस्त्रींनी आराखडा टेबलावर पसरला आणि पहिलं बोट ‘ळ’च्या गाठीवर ठेवलं. “ताई, ह्या डोळ्यात वाळू उभी ऱ्हाणार न्हाई.” अक्षराच्या आतली पोकळी म्हणजे साच्यात वाळूचा खुंट. खुंट बारीक आणि उंच असला की पितळ ओतताना मोडतो आणि डोळा बुजतो. ‘ळ’चे दोन्ही डोळे मोठे करायचे ठरले.

मग बारीक रेघांचा प्रश्न. अक्षराची खोली १२ मिलिमीटर. पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा अक्षराचा नमुना, वाळूतून वर ओढून काढायचा तर त्याच्या बाजूंना उतार हवा, इथे दोन अंश. म्हणजे वरच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी मिळून ०.८ मिलिमीटर रुंदी कमी. माझी जुनी ३.६ ची रेघ वर येईपर्यंत २.८ झाली असती. शिवाय पितळ इतक्या अरुंद वाटेने जाताना पलीकडे पोचायच्या आधीच गोठतं, आणि रेघ अर्ध्यात तुटते. पहिला खर्डा इथे आणला असता तर फलकावर खरोखरच ‘वोरमाळ’ झाली असती.

नवी ३४ ची रेघ ६.८ मिलिमीटर, उतार जाऊन ६. चालेल, म्हणाले. थंड होताना पितळ साधारण दीड टक्का आकसतं, म्हणून १३० साठी पॅटर्न १३२ चा.

शिरोरेषेवर मात्र त्यांनी मला अडवलं. संगणकात दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढवल्या की सांधा दिसत नाही. पितळेत ते होत नाही. प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येणार आणि दोन तुकड्यांमधे काळी फट दिसणार. मिस्त्रींनी खिशातली पेन्सिल काढली आणि सगळ्या शब्दावरून एक सरळ रेघ मारली. “पट्टी येगळी घ्या. अखंड. अक्षरं खालनं टांगू.”

इतकं सरळ उत्तर मला सुचलं नव्हतं. आपण शिरोरेषेला अक्षरं टांगलेली म्हणतो, इथे ती खरंच टांगली जाणार.

२८ मार्च, शुक्रवार

पॅटर्न एमडीएफच्या फळीतून कापून आले. ‘ज्र’ नीट जमला नव्हता. ‘ज’च्या कान्याला लागलेली ‘र’ची तिरकी रेघ लहान पडून काट्यासारखी दिसत होती. लांबवली, कान्यापासून थोडी वर उचलली. पुन्हा कापायला दिला.

३ एप्रिल, गुरुवार

दाराच्या काचेचे शब्द. ‘हिऱ्याचे’मधला ‘ऱ्य’ माझ्या आवडीचा. मराठीचा हा खास अर्धा ‘र’, कोयरीसारखा किंवा चंद्रकोरीसारखा, ‘य’च्या डाव्या बाजूला शिरोरेषेखाली. जाड-बारीक टाईपात तो नुसता उठून दिसतो: एका टोकाला केस, मधे पोट, दुसऱ्या टोकाला पुन्हा केस. फॉन्टमध्ये तो नीट यायला ‘ऱ’, हलन्त, ‘य’ असा क्रम जोडून द्यावा लागतो. नाहीतर ‘र्य’ होऊन रफार डोक्यावर जातो आणि ‘हिर्याचे’ वाचलं जातं. ते मराठी नव्हे.

‘ल’ आणि ‘श’ही मराठी वळणाचेच ठेवले आहेत. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात हीच रूपं प्रमाण मानली आहेत. पण मी ती त्या निर्णयासाठी ठेवलेली नाहीत. पाटीवर गिरवलेला ‘ल’ तोच होता.

९ एप्रिल, बुधवार

कार्डं आणि डब्यांची झाकणं. झाकणावर ३६ पॉइंटमध्ये सोनेरी फॉइल. फॉइल मारणाऱ्यांनी सांगितलं, की त्यांच्या यंत्रावर पाव मिलिमीटरच्या खाली रेघ तुटते, आणि दोन रेघांमधली फट फार अरुंद असली तर भरून येते. ३६ पॉइंटला २० युनिट म्हणजे बरोबर पाव मिलिमीटर. जोखीम नको, म्हणून कार्डासाठी वेगळी फाईल केली, शोभेची रेघ २४. आता ०.३ येते. फलकाची आणि कार्डाची अक्षरं शेजारी ठेवली तर वेगळी आहेत. आपापल्या जागी ठेवली तर एकच वाटतात.

दागिन्यावरच्या चिठ्ठीवर, वजन आणि घडणावळ लिहितात तिथे, हेच अक्षर हवं असा आग्रह झाला. नकार दिला. सात पॉइंटला हे अक्षर वापरणं म्हणजे ग्राहकाला भिंग देणं. तिथे मुक्ता हा साधा, मजकुराचा टाईप. लग्नपत्रिकांसाठीही मालकांनी विचारलं. ‘शुभविवाह’ आणि वधूवरांची नावं या अक्षरात जरूर घ्या, पत्ता आणि मुहूर्ताची वेळ घेऊ नका, असं सांगितलं. मुहूर्ताचा आकडा चुकीचा वाचला गेला तर तो दोष अक्षराचाच.

१७ एप्रिल, गुरुवार

जोतिबाच्या चैत्र यात्रेमुळे ओतकाम चार दिवस बंद होतं. आज पहिली खेप आली. ‘साज’ हातात घेतला. वाळूचा खरखरीतपणा अजून अंगावर, कडेला जादा पितळाचे पापुद्रे. मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलाने कानशीने ‘स’ची दांडी घासायला घेतली, तेव्हा मी जवळ जाऊन उभी राहिले. कानस प्रत्येक फेऱ्याला थोडं थोडं नेते, आणि या दांडीकडे द्यायला फारसं काही नाही. त्याला सांगितलं, हिला वरून फक्त पॉलिश, बाजूने कानस लावू नको. त्याने खडूने तिच्यावर फुली मारली. बाकीच्या अक्षरांवर अशा रेघा कुठल्या, ते मग आम्ही दोघांनी मिळून खडूने दाखवून ठेवलं.

‘ठ’चा गोल एका बाजूला किंचित बसला होता. तो परत ओतणार.

२४ एप्रिल, गुरुवार

काका सकाळी सातला आले. कागदावरच्या अक्षरांच्या कडांना मी सुईने भोकं पाडून ठेवली होती. तो कागद काचेच्या आतून उलटा लावला, वरून खडूची पूड बांधलेली पुरचुंडी फिरवली, कागद काढला. ठिपक्यांची अक्षरं उमटली. मग ब्रश. ‘ऱ्य’ला त्यांनी एकच श्वास घेतला. माझ्या आराखड्यापेक्षा कोर अर्ध्या दोऱ्याने जाड आली आहे, आणि ती तशीच बरी आहे. फाईलमध्येही तेवढी वाढवली.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. फलक काल रात्री चढवला, सकाळी नारळ वाढवला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी मुद्दाम गर्दी ओसरल्यावर, संध्याकाळी, टेप घेऊन गेले.

बारा मीटरवर चारही शब्द स्वच्छ. वीस मीटरवर ‘ब’ची रेघ आहे, ‘स’ची दांडी आहे, शोभेची टोकं विरली आहेत, ती तिथे विरावीत हेच ठरलं होतं. तिरकं ऊन आलं की १२ मिलिमीटरच्या खोलीमुळे प्रत्येक रेघेशेजारी तिची सावली पडते आणि बारीक रेघ आणखी ठळक होते. हा फायदा आराखड्यात नव्हता. दिवे लागल्यावर उलटा अनुभव: वरून पडणाऱ्या झोतात शिरोरेषेची सावली ‘ज्र’वर येते. दिवा दीड वीत पुढे घ्यायला सांगितलं आहे.

आबा समोरच्या पायरीवर येऊन बसले. कुणी न सांगता त्यांनी वाचलं: “साज, ठुशी, बोरमाळ, वज्रटीक.” मग बराच वेळ बघत राहिले.

“ठ जरा ल्हान पडलाय का गं?”

मी मागे सरून पाहिलं. पडला आहे. गोल अक्षर पायाच्या रेषेला फक्त टेकवलं तर लहान दिसतं. ते थोडं खाली उतरवावं लागतं. मी आठ युनिट उतरवलं होतं. कागदावर पुरलं, पितळेत नाही. चौदा हवं होतं.

२ मे, शुक्रवार

‘ठ’, ‘ढ’, ‘ट’ आणि ‘ळ’ चौघेही १४ युनिट खाली घेतले. नवा ‘ठ’ मिस्त्रींकडे दिला. मंगळवारी ओततील. पट्टी वेगळी असल्याने एकच अक्षर सोडवून बदलता येतं, बाकी शब्दाला हात लावावा लागत नाही.